पोरांच्या पुस्तकातली मोठी माणसं

नववी-दहावीतल्या मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली की टेबलावर दोन जातींची पुस्तकं साठत जातात. त्या वयाच्या मुलांवर इतरांनी लिहिलेली, आणि लिहायचं कसं हे सांगणारी. सध्या मी दोन्ही आलटूनपालटून वाचते आहे आणि प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारते आहे: यातलं मोठं माणूस कुठं उभं आहे? आई-बाबा, मास्तर, शेजारचे काका यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, ते गोष्टीत हवेतच. मला शोधायचं असतं ते लेखकाच्या आतलं मोठं माणूस. सगळं भोगून झालेलं, चष्मा लावलेलं, आणि पोरगं काही बोलायला लागलं की त्याच्या खांद्यावरून वाकून ‘हे बघ बाळा’ म्हणायला टपलेलं.

हे माणूस आपल्याकडे फार लाडावलेलं आहे. पुस्तक प्रदर्शनात मुलासोबत आलेली आई पुस्तक उलटून बघते आणि विचारते, “यातून काय शिकायला मिळतं?” मुलगा तोवर तिसऱ्या पानावर पोहोचलेला असतो, त्याला कुणी काही विचारत नाही. प्रकाशकही शेवटी आईचंच ऐकतो, कारण पैसे तिच्या पर्समधून निघायचे असतात.

प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ परत वाचायला काढलं ते ‘लंपन’ ही वेब मालिका बघून. मालिका २०२४ मध्ये आली. नेटकी आहे, पण बघताना सारखं वाटत होतं की पोरगं दिसतंय खूप आणि ऐकू कमी येतंय. पुस्तकात सगळा खेळ त्याच्या बोलण्याचा आहे. संत कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. ‘वनवास’ १९९४ साली मौजेनं काढलं तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. त्यानंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ आली. आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे, बेळगावच्या बाजूच्या कानडी-मराठी मुलखात राहणारा हा लंपन, आणि त्याच्या तोंडी येता-जाता ‘मॅडसारखं’.

पन्नाशीतला लेखक बालपणावर लिहायला लागला की सूर ओलसर व्हायला वेळ लागत नाही. ‘गेले ते दिवस’ हा उसासा कुठल्या ना कुठल्या परिच्छेदाच्या शेवटी निसटतोच. संत तो निसटू देत नाहीत, कारण हे दिवस जाणार आहेत हे लंपनला ठाऊकच नाही. त्याचं वाक्य लांबत जातं, मधेच भलत्या गोष्टीवर घसरतं, आणि त्या घसरणीत कुठंतरी घराची आठवण येऊन जाते. तिच्यापाशी थांबायचं की पुढं जायचं, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. मी अशी पानं पेन्सिल घेऊन वाचते. मोठ्या माणसाचं वाक्य सापडलं की खूण करायची, असा बेत असतो. ‘वनवास’मध्ये पेन्सिल जवळजवळ कोरीच राहिली.

मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त (२००४) हीच परीक्षा जास्त अवघड आहे, कारण गोष्ट आणीबाणीतली. नववीतला मुकुंद जोशी, त्याची चौकडी, अर्धवट बांधलेल्या इमारतीतले अड्डे, तोंडात ‘इचिभनं’, आणि मनात शिरोडकर. कुठल्याही जाणत्या लेखकाला केवढा मोह झाला असता! देश तुरुंगात आहे, शाळाही एक तुरुंगच आहे, करा दोन पानं चिंतन. बोकील आणीबाणी तेवढीच येऊ देतात जेवढी त्या वयाच्या पोराच्या कानावर मोठ्यांच्या बोलण्यातून पडेल. जोशीला देशापेक्षा शिरोडकर क्लासला कुठल्या रस्त्यानं जाते याची चिंता जास्त. म्हणूनच आणीबाणीचा दाब पुस्तकात खरा वाटतो. माझी कुरकुर एवढीच की शिरोडकर पुस्तकभर लांबूनच दिसत राहते. जोशीच्या नजरेतून लिहिलंय, तेव्हा हे असंच असणार, असं सांगतात. अर्धंच पटतं. वर्गात मुलीही होत्या, आणि त्यांनाही त्या वर्षी काहीतरी होत असणार. ती ‘शाळा’ अजून कुणीतरी लिहायची राहिलीय.

इथं मला स्टीफन किंग आठवतो. ‘ऑन रायटिंग’ हे त्याचं पुस्तक २००० साली आलं. अर्धं आत्मचरित्र, अर्धं कारागिरीचं. १९९९ च्या जूनमध्ये रस्त्यानं चालताना त्याला एका व्हॅननं उडवलं, आणि अर्धवट राहिलेलं हे पुस्तक त्यानं त्यानंतर पुरं केलं. मला त्यातली ‘कॅरी’ची हकीकत जास्त कामाची वाटते. शाळेत शिकवणारा, पैशाची चणचण असलेला तरुण किंग एका शाळकरी मुलीवर गोष्ट लिहायला घेतो, थोडी पानं लिहितो आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकतो, कारण मुलींचं जग आपल्याला कळत नाही असं त्याला वाटतं. बायको टॅबिथा ती पानं टोपलीतून काढते, वाचते आणि सांगते, पुढं लिही, मुलींचं मी सांगते. ‘कॅरी’ १९७४ साली छापली गेली. किशोरांसाठी लिहिणाऱ्यानं यातून जिद्दीबिद्दीचा धडा घेऊ नये. घ्यायचं ते इतकंच की ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला ओळखणारं एखादं माणूस घरात नाहीतर शेजारात असावं लागतं, आणि त्याला कच्ची पानं दाखवायची तयारी लागते.

किंगचा क्रियाविशेषणांवरचा राग मात्र जसाच्या तसा आणला तर मराठी गोष्ट मुकी होईल. आपल्याकडे पोरगं नुसतं पडत नाही, धपकन पडतं. दार धाडकन लागतं, बहीण गुपचूप ऐकते, आजी चटकन विषय बदलते. हे सगळं खोडायचं तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला त्याच्या ‘ट्टॉक’सकट फुरसुंगीला परत पाठवावं लागेल. मला वाटतं, मराठीत कात्री चालवायची ती ‘पणे’वर. उदासपणे, गंभीरपणे, निरागसपणे, समजूतदारपणे. नाद असलेले शब्द घडलेलं दाखवतात, आणि ‘पणे’वाले शब्द काय वाटून घ्यायचं ते वाचणाऱ्याला सांगतात. ‘तो समजूतदारपणे म्हणाला’ यातला ‘समजूतदारपणे’ म्हणजे मोठ्या माणसानं पोराच्या पाठीवरून फिरवलेला हात. चौदा वर्षांच्या मुलाला असा हात कसा वाटतो, ते घरात चौदा वर्षांचा मुलगा असलेल्यांना विचारा.

दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांनी लहान असावा, हा किंगचा हिशेब मात्र मी पाळते. नवल म्हणजे त्या दहा टक्क्यांत दर वेळी तोच माल निघतो. सध्याच्या हस्तलिखितातला मुलगा जिल्हा संघाच्या निवडीत बाहेर पडतो. पहिल्या खर्ड्यात तिथं होतं: ‘हरण्यातूनच माणूस घडतो हे त्याला त्या क्षणी उमगलं.’ आता तिथं आहे: ‘यादीचा फोटो त्यानं डिलीट केला. मग परत ग्रुपवर जाऊन डाउनलोड केला आणि दिन्याचं नाव कितवं आहे ते बघितलं.’ शब्द वाढले म्हणाल, तर खरंय. पण पुढचं पाऊण पान लागलंच नाही.

मोठं माणूस पुस्तकात असूच नये, असं माझं म्हणणं नाही. ‘तोत्तोचान’ बघा. तेत्सुको कुरोयानागींचं हे जपानी पुस्तक १९८१ चं, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलं. सगळे त्यातल्या आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या वर्गांवर लुब्ध असतात, मीही आहे. पण कारागिरी बघायची तर अगदी सुरुवात बघा. तोत्तोचानला पहिल्या शाळेतून काढून टाकलेलं असतं, आणि आई हे तिला सांगत नाही. कळतं ते थेट विशी ओलांडल्यावर. वाचणाऱ्याला मात्र लेखिका हे आधीच सांगून टाकते, अगदी साध्या आवाजात. मग तोत्तोचान नव्या शाळेत जाते, मुख्याध्यापक कोबायाशी खुर्ची ओढून बसतात आणि तिचं बोलणं ऐकत राहतात, चार तास. आपल्याला माहीत आहे की ही काढून टाकलेली मुलगी आहे, तिला माहीत नाही, आणि कोबायाशी जांभईसुद्धा देत नाहीत. मोठ्यांचं शहाणपण इथं भरपूर आहे. ते सगळं ऐकण्यात खर्च झालंय, उपदेशाला काही उरलेलं नाही.

या यादीतलं सगळ्यात धारदार पुस्तक जेसन रेनल्ड्सचं ‘लाँग वे डाउन’, २०१७ चं. अमेरिकेतल्या एका वस्तीतला पंधरा वर्षांचा विल. भावाला गोळी घालून मारलंय. वस्तीचे नियम ठरलेले: रडायचं नाही, नाव सांगायचं नाही, बदला घ्यायचा. भावाचं पिस्तूल कमरेला खोचून विल लिफ्टमध्ये शिरतो. लिफ्ट खाली येईपर्यंतच्या मिनिटभरात सगळी कादंबरी घडते. मजल्यामजल्यावर दार उघडतं आणि असाच गोळीबारात गेलेला कुणीतरी ओळखीचा माणूस आत येतो. सगळं मुक्तछंदात, एकेका पानावर मोजक्या ओळी. वाचनाची गोडी नसलेलं पोरगंही एका बैठकीत संपवेल असं.

आत येणारी ती मेलेली माणसं म्हणजे उपदेशाला आयती संधी. प्रत्येकानं एकेक धडा द्यायचा, तळमजल्यावर पोरगं सुधारायचं. रेनल्ड्स तसं करत नाही. ती माणसं आपापली हकीकत सांगतात, चेष्टा करतात, सिगारेट ओढतात, आणि शेवटी विल काय करतो हे लेखक सांगतच नाही. या पुस्तकाला २०१८ मध्ये न्यूबेरी ऑनर मिळाला, म्हणजे हा सन्मान देणाऱ्या ग्रंथपालांनी हा शेवट मुलांच्या हाती सोपवला. आमच्याकडे हा शेवट संपादकाच्या टेबलापुढं जाईल का, शंका आहे. ‘निदान एक आशादायक ओळ टाका’ असा फोन हमखास येईल.

लेखनावरच्या पुस्तकांपैकी अ‍ॅन लॅमटचं ‘बर्ड बाय बर्ड’ (१९९४) प्रेमळ आहे. पहिला खर्डा भिकार असला तरी चालतो, हे ती इतक्या परींनी सांगते की मधेच वाटतं, बाई, पटलं, आता दुसऱ्या खर्ड्याचं बोला. लिहिणं अडलंय त्या दिवशी चाळावं. अर्सुला ले ग्विनचं ‘स्टिअरिंग द क्राफ्ट’ जास्त कडक, म्हणून जास्त उपयोगी. तिच्या एका स्वाध्यायात विशेषणं आणि क्रियाविशेषणं न वापरता पानभर वर्णन करायचं असतं. मी एसटी स्टँडवर करून बघितला. ‘जुनाट’, ‘कळकट’, ‘केविलवाणा’ हे शब्द काढून घेतल्यावर हातात राहिलं ते असं: कंट्रोलरच्या खिडकीला तारेनं बांधलेलं पेन, खांबाला टेकून परकराचं नाडं आवळणारी म्हातारी, बाकावर सोललेल्या शेंगांची टरफलं. विशेषण हा मोठ्या माणसाचा शेरा असतो, आणि तो काढला की पोराच्या डोळ्यांना दिसतं तेवढं मागं राहतं. हे तंत्र किशोर कादंबरीसाठी म्हणून तिनं सांगितलेलं नाही. मला ते तिथंच सगळ्यात जास्त लागू पडलं.

मराठीत ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ आहे, १९३१ चं. फडक्यांच्या तंत्राला नाक मुरडायची आता रीतच झाली आहे. पण गुंतागुंत कशी वाढवायची, उत्कंठा कुठं ताणायची, हे विचारायला लाज वाटण्याची चैन किशोरांच्या लेखकाला परवडत नाही. त्याचा वाचक कंटाळला की शिष्टाचार पाळत नाही, पुस्तक मिटतो आणि मोबाइल घेतो. भाषा जुनी झालीय, उदाहरणंही, तरी चाळण्यासारखं आहे.

आणि माधुरी पुरंदऱ्यांचं ‘लिहावे नेटके’. हा स्वाध्यायांचा संच शाळेतल्या मुलांसाठी आहे, मोठ्यांनी त्याला लेखनाचं पुस्तक मानायची पद्धत नाही. मी मानते. शब्द कसे चालतात, वाक्य कुठं अडतं, विरामचिन्ह कशासाठी असतं, हे त्यात खेळवत खेळवत करून घेतलंय आणि लेखकपणाचा कसलाही आव नाही. वर सांगितलेल्या इंग्रजी पुस्तकांतून मी लेखकांबद्दल बरंच शिकले. माझी मराठी वाक्यं मात्र या संचानं सरळ केली.

तेव्हा कुणाला या वयाच्या मुलांसाठी लिहायचं असेल, तर माझं मत असं: विकत घ्यायचं तर ‘वनवास’ आणि ‘लिहावे नेटके’. ‘शाळा’ बहुतेक कुणाच्या तरी घरात असतेच, मागून आणा. किंग आणि ले ग्विन मित्रांत मिळून एकेक प्रत घेतली तरी भागतं. आणि १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत, त्याला तर पैसेही पडत नाहीत.