फोडणीखालचं सागवान

स्वयंपाकघरातलं लाकूड दिवाणखान्यातल्या लाकडाहून निराळं म्हातारं होतं. बाहेरचं कपाट फार तर धूळ खातं. हे रोज फोडणी खातं. मुठीभोवती बोटांचा काळपट डाग, शेगडीवरच्या दारांना चिकट तांबूस राप, बिजागरीत अडकलेलं हिंग-हळदीचं पीठ. अशा दारांवर सनमायका चिकटवून मोकळं व्हा, हा सल्ला सगळेच देतात. सागवान असेल तर तो ऐकू नये, असं माझं मत.

आधी दार उतरवून मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवावा. बोट चिकटलं की समजायचं, हे लाखेचं पॉलिश: पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांची कमाई. ऑइलपेंट निघाला तर सावध. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरात लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून वॉटरपेपरने काढावा, आणि घरात लहान मूल असेल तर अजिबात छेडू नये.

घासण्याआधी धुणं. कोमट पाणी, थोडा धुण्याचा सोडा, लगेच पुसणं. हे टाळलं की काचपेपर तेलाने बुजतो आणि राप लाकडात आणखी खोल जातो.

मग खरं सुख. 80 नंबर फक्त हट्टी जागी, पुढे 120, 180, शेवटी 220. आणि प्रत्येक वेळी हात लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. आडवा मारलेला एक ओरखडाही आत्ता दिसत नाही, पॉलिश चढलं की चारचौघांत उभा राहतो. हळूहळू काळा थर पिठासारखा गळतो, चामड्यासारखा जुनाट वास सुटतो आणि फिकट, ठिकठिकाणी वेगळ्या रंगाचं सागवान वर येतं. पाहून निराश होऊ नये. उजेडात ते आपसूक सोनेरी होतं. तोंडाला चांगला मास्क मात्र हवाच: लाकडाची धूळ कर्करोग करते, हे आता निर्विवाद आहे. (सुतारकाका तोंडाला नुसता पंचा गुंडाळतात. त्याने भागत नाही.)

कुठे थांबायचं, हा प्रश्न उरतोच. मुठीपाशी वर्षानुवर्षांच्या हातांनी झिजून आलेला गुळगुळीत खोलगटपणा मी सपाट करत नाही. डाग घालवावा, झीज ठेवावी. आणि दाराला वरून व्हिनियर असेल तर तो जेमतेम कागदाएवढा असतो. तिथे 80 नंबर हातात घेऊच नये.

शेवटचा हात देण्याआधी थिनरने पुसून घ्यायचं, कारण सागवानाच्या अंगचं तेल पॉलिशला धरू देत नाही. लाख कितीही देखणी असली तरी स्वयंपाकघरात टिकत नाही. गरम वाफेने पांढरी पडते. सिंकखालच्या दारांना मॅट पीयू, बाकी ठिकाणी जवसाचं तेल, पातळ, चोळून, पुरतं वाळू देत. पीयूचं काम पावसाळ्यात काढू नये, दमट हवेत धुरकट होतं; दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

आणि जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं, आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून मगच टाका.