अमर बिल्डिंगमधील जुन्या नोटा

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबरला संपली. त्या दिवसांत मी साऱ्या वस्तीचे फॉर्म भरून दिले. पुढे जानेवारीत आईची पत्र्याची पेटी आवरताना लुगड्याच्या घडीत पाचशेच्या चार नोटा निघाल्या. भांडीधुणी करून वाचवलेले, ठेवून विसरलेले पैसे! मी बी.कॉम. झालेला, पण आईलाच विचारायचे राहून गेले.

त्या मे महिन्यात मुलांना घेऊन मुंबईच्या फोर्टात, अमर बिल्डिंगमधील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय पाहायला गेलो. आईही हट्टाने आली.

१८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क एकट्या सरकारकडे आला. राणी व्हिक्टोरियाच्या चित्राच्या त्या नोटा एकाच बाजूने छापलेल्या. टपालात चोरी होऊ नये म्हणून लोक नोट मधोमध कापून अर्धी आधी पाठवत. पोचल्याचे कळले की उरलेली अर्धी. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, तेव्हा १९१७ साली एक रुपयाची नोट निघाली. पुढच्याच वर्षी अडीच रुपयांची!

१९३८ साली दहा हजारांची नोट निघाली. ती १९४६ ला रद्द झाली, १९५४ ला पुन्हा आली, १९७८ ला परत रद्द.

मुलाने विचारले, "आजी, ही पाहिली होतीस?"

"आम्हाला शंभराची दिसली तरी सण वाटायचा रे!"

वाचकहो, रुपयाचे हे दुखणे डॉ. बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात मांडले. सरकारला हवा तितका रुपया काढता आला की त्याची खरेदीशक्ती घसरते. भाव चढतात, मजुरी मागे राहते आणि झळ कष्टकऱ्याला लागते. हिल्टन यंग कमिशनपुढेही त्यांनी १९२५ साली साक्ष दिली.

घरी आल्यावर आईने त्या चार नोटा नातवाच्या वहीत ठेवल्या. म्हणाली, "हे आपलं संग्रहालय." दुसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच्या नावाचे खाते उघडले; अंगठा न देता सही केली.

आपणही आपल्या घरातील आयाबायांना आजच विचारा. जगाचे फॉर्म मग भरू.