पोटगी नक्की कोणाची?



घटस्फोट हा शब्द पूर्वी आपल्यात कुजबुजत बोलला जायचा. आता प्रत्येकीच्या नात्यात एखादं तरी घर असं असतं. म्हणून पोटगीबद्दल उघड बोललेलं बरं.

माझ्या भाचीचा घटस्फोट झाला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. ताबा आईकडे आणि वडिलांनी महिना 12,000 रुपये द्यायचे, असा कोर्टाचा आदेश. दहावीनंतर मुलगा कोल्हापूरला आजीकडे, म्हणजे वडिलांच्या आईकडे राहायला गेला. कॉलेज जवळ, शिवाय आई-मुलाची रोज खडाजंगी चालायची. पुढच्याच महिन्यात वडिलांनी पैसे थांबवले. "तो तुझ्याकडे राहत नाही, मग कसले पैसे?" भाची म्हणाली, "आदेश माझ्या नावाचा आहे, मी सोडणार नाही." इकडे दूध, भाजी, क्लासची फी आजी स्वतःच्या पेन्शनमधून भागवत होत्या. मुलाचे बूट फाटले तरी तो मागत नव्हता.

मी बी.कॉम. झालेली, मला आधी खातं कोणाचं ते दिसतं. भाचीला म्हटलं, "अगं, हे पैसे तुझे नाहीत, त्याचेही नाहीत. लेकराचे आहेत, तू फक्त सांभाळणारी." दुसऱ्याची ठेव बुडवणं म्हणजे न्यासापहार, हे आपण स्वाध्यायात ऐकतोच. तो देणाऱ्यालाही लागतो आणि घेणाऱ्यालाही.

मग आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी समजावलं ते असं. हिंदू विवाह कायदा, 1955 आपल्या जैनांनाही लागू आहे. मूल दुसरीकडे राहायला गेलं म्हणून बापाने आपल्या मनाने पैसे बंद करायचे नसतात. कोर्ट आदेश बदलेपर्यंत थकबाकी चढत राहते. पण परिस्थिती बदलली तर कलम 26 खाली अर्ज करून आदेश बदलून घेता येतो. 1956 च्या दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला पोसण्याची जबाबदारी आई आणि वडील दोघांचीही आहे. आई पुरेसं कमावत असेल तर शिक्षणाचा खर्च कमाईच्या प्रमाणात वाटता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात म्हटलं आहे.

घरी येऊन कागदावर मुलाचा खर्च लिहिला. फी, क्लास, बसपास, जेवण, औषधपाणी मिळून महिना 15,000. वडिलांचे 12,000 आणि नोकरी करणाऱ्या भाचीचे 3,000 थेट मुलाच्या खात्यात जमा व्हावेत, असा दोघांच्या संमतीचा अर्ज झाला. थकलेले चार महिन्यांचे 48,000 आजींना द्यायचे ठरले. "नातवाला जेवू घातल्याचे पैसे घेऊ का?" म्हणून त्या रागावल्या. शेवटी फीपुरते घेतले.

भाची आणि तिच्या नवऱ्याचं अजून बोलणं नाही. पण मुलगा आता दर रविवारी आईला फोन करतो.

तुमच्या नात्यात असं काही असेल, तर कोण बरोबर हे ठरवण्याआधी एवढंच विचारा: लेकराचा खर्च सध्या कोण करतंय?