सेपांगचे तिकीट आणि बाबांच्या नावातला ‘श’

परदेशी जायचे तर सरकारी नोकराला आधी खात्याची परवानगी घ्यावी लागते. कुठे जाणार, किती दिवस, खर्च कोण करणार आणि प्रवासाचे प्रयोजन काय. गेली वीसेक वर्षे मी इतरांचे असले अर्ज वर सरकवत आलो आहे, त्यामुळे प्रयोजनाच्या रकान्यात लोक काय लिहितात ते पाठ झाले आहे. मुलाकडे जाणे, मुलीचे बाळंतपण, फातिमाची यात्रा, पर्यटन. यंदा प्रथमच स्वतःचा अर्ज भरायला बसलो आणि लिहिले, ‘वडिलांना मोटारसायकलची शर्यत दाखविणे’. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाचून म्हणाला, "पर्यटन लिही रे, वर प्रश्न काढतील." काढू देत! पर्यटनाला आम्ही जातच नाही आहोत.

जायचे आहे मलेशियातल्या सेपांगला. मोटो जीपी नावाची जी मोटारसायकल शर्यतींची जागतिक मालिका आहे, तिचा एक मुक्काम दरवर्षी तिथे असतो. १९९९ साली हा ट्रॅक सुरू झाला. साडेपाच किलोमीटरची एक फेरी, पंधरा वळणे, आणि ही फेरी आताचे स्वार दोन मिनिटांच्या आत मारतात. म्हापसा ते पणजी अंतराचा हिशेब माझा मीच मांडून पाहिला आणि सोडून दिला.

बाबा पायलट होते. गोव्याबाहेरच्या वाचकांनी विमान डोळ्यांसमोर आणू नये. आमच्याकडे पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभा असणारा, गिऱ्हाईक मागे बसवून घरापर्यंत सोडणारा माणूस. बस जिथे संपते तिथे पायलट सुरू होतो. म्हापशाच्या स्टँडवर बाबांनी चौतीस वर्षे काढली, आधी राजदूतवर, मग बुलेटवर. शुक्रवारच्या बाजाराला टोपल्या घेऊन आलेल्या बायका, कोर्टाच्या तारखेला निघालेला म्हातारा, आगरवाड्याला जायचे म्हणून आगोंदला निघालेले गोरे पाहुणे, सगळे त्यांच्या पाठीमागे बसून गेले. माझे बी. ए. त्याच सीटवर झाले म्हणायला हरकत नाही. चौतीस वर्षांत मागच्या माणसाला एकदाही खरचटू दिले नाही, ही एकच गोष्ट ते स्वतःविषयी सांगतात.

अशा माणसाला ताशी तीनशे किलोमीटरने गाडी पळवणाऱ्यांचे कौतुक असेल असे मला वाटले नव्हते. टीव्हीवर शर्यत मी लावायचो. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले साडेबारा. रविवारी शीत-कडीचे ताट घेऊन बाबा समोर बसायचे ते केवळ जेवायला म्हणून. पण हळूहळू ते बघू लागले, आणि त्यांचे बघणे माझ्यापेक्षा वेगळे होते. कोण पुढे आहे यात त्यांना रस नसे. ब्रेक कुठे दाबला, वजन कधी कुठल्या बाजूला टाकले, मागचे चाक कसे वळवळले, हे ते हाताने ताटाच्या कडेवर दाखवायचे.

२५ ऑक्टोबर २०१५ ची सेपांगची शर्यत आमच्या घरात अजून संपलेली नाही. रॉसी आणि मार्केझ एकमेकांना सात-आठ वेळा मागेपुढे करत होते आणि चौदाव्या वळणावर रॉसीने मार्केझला बाहेर रेटले. मार्केझ पडला. रॉसीने पाय मारला की नाही यावर जगभर वाद झाला. पंचांनी रॉसीला तीन दंडगुण दिले, त्यामुळे पुढच्या, शेवटच्या शर्यतीत त्याला सर्वांच्या मागून सुरुवात करावी लागली आणि विजेतेपद लोरेन्झोकडे गेले. सोमवारी स्टँडवर हाच विषय! निम्मे पायलट रॉसीकडचे, निम्मे विरुद्ध. बाबांचे मत मात्र तिसरेच. "पाय मारला का नाही सोडा," ते म्हणाले, "त्याने वेग कमी करून मागे वळून बघितले. रस्त्यावर वळून बघणारा माणूस भांडायला आलेला असतो, चालवायला नव्हे." इतकी वर्षे झाली, अनेक जाणकारांचे लेख वाचले, पण याहून नेमके मला कुठे सापडले नाही.

त्याच ट्रॅकवर २३ ऑक्टोबर २०११ रोजी मार्को सिमोन्चेल्ली गेला. दुसऱ्याच फेरीत अकराव्या वळणावर तो घसरला आणि मागून आलेल्या दोन गाड्यांच्या वाटेत सापडला. शर्यत रद्द झाली. चोवीस वर्षांचा, केसांचे टोपले डोक्यावर घेऊन हिंडणारा पोरगा. बाबांनी टीव्ही बंद केला, ताट बाजूला सारले आणि त्या दिवशी परत शर्यतीचे नाव काढले नाही. सेपांगला जायचे ठरल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली ती अकराव्या वळणाची. तिथे जाता येईल का, निदान लांबून दिसेल का, एवढेच.

आता हे सगळे यंदाच का? दोन कारणे. एक मी सांगत फिरतो, ते असे की या मोठ्या, हजार सीसीच्या गाड्यांचे हे शेवटचे वर्ष. २०२७ पासून नियम बदलून गाड्या साडेआठशे सीसीच्या होणार आहेत. हे खरेच आहे आणि ऐकणाऱ्याला पटतेही.

दुसरे कारण बाबांच्या डोळ्यांत आहे. काचबिंदू. डॉक्टर एका यंत्रापुढे बसवून ठिपके दाखवतात, ठिपका दिसला की बटण दाबायचे. गेल्या खेपेला बाबांनी बटण फार कमी वेळा दाबले. कडेचे दिसणे कमी होत चालले आहे. गेलेले परत येत नाही, थेंबांनी असलेले राखायचे एवढेच हातात असते. बाबा म्हणतात, "रात्री हेडलाइटमध्ये दिसते तेवढेच दिसते, समोरचे. बाकी काळोख." चौतीस वर्षे कडेने येणारी गुरे, पोरे, ट्रक नजरेच्या कोपऱ्यात पकडून जगलेल्या माणसाने हे वाक्य बोलताना आवाज जराही बदलला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आलो.

खरे म्हणजे एवढ्या लांब जायची गरज पडली नसती. सप्टेंबर २०२३ मध्ये ही शर्यत नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर झाली होती. पण शर्यत २४ तारखेला, चवथ १९ ला आणि आमचा गणपती सात दिवसांचा! गोव्यात चवथीला घर सोडून जाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पुढच्या वर्षी बघू म्हटले, तर पुढच्या वर्षी ती झालीच नाही. सेपांगचेही तसेच, ते नेमके दिवाळीला धरून येते. २०२३ ची शर्यत १२ नोव्हेंबरला, म्हणजे नरकासुर जाळून डोळे चोळत बसलेल्या दिवशी. २०२४ ची भाऊबिजेला. यंदा ती दिवाळीच्या आधी आटोपते आहे, म्हणून आत्याही गप्प आहे.

अडचण आली ती भलत्याच ठिकाणी. व्हिसाची नव्हे, भारतीयांना मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आणि ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली आहे. अडचण बाबांच्या नावाची. त्यांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. नावात ‘श’ आहे, आणि पोर्तुगीज कारकुनाने तो आपल्या रीतीने ‘एक्स’ अक्षराने लिहिला. आडनावाच्या शेवटीही दोन अक्षरे जास्तीची. मुक्तीनंतर शाळेत नाव गेले ते इंग्रजी वळणाने, लायसनवर तिसऱ्याच तऱ्हेने. पासपोर्टच्या खिडकीवर तीन कागद आणि तीन माणसे! पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "काका, यातले तुम्ही कोण?" बाबा म्हणाले, "गाडी चालवणारा." मग प्रतिज्ञापत्र झाले, चकरा झाल्या. मी स्वतः कारकून, त्यामुळे त्या मुलीवर रागावता येईना. मात्र त्या जुन्या नोंदीतले वळणदार हस्ताक्षर मी मोबाइलवर टिपून ठेवले आहे. काय सुरेख ‘एक्स’ काढला होता त्याने!

पासपोर्ट आला आणि खरे नियोजन सुरू झाले. सेपांगचा मुख्य स्टँड मोठा मजेदार आहे. ट्रॅकचे दोन लांब सरळ पट्टे शेजारी शेजारी आहेत आणि स्टँड त्यांच्या मधोमध. एका पट्ट्याच्या टोकाला गाड्या जवळजवळ उलट्या फिरून दुसऱ्या पट्ट्यावर येतात. सगळे जण सुरुवातीच्या रेषेसमोर बसा म्हणतात. मी बाबांच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला. समोरून तीनशेच्या वेगाने जाणारी गाडी त्यांच्या त्या हेडलाइटएवढ्या उजेडात किती राहणार? आली म्हणेपर्यंत काळोखात गेलेली असेल. म्हणून जागा बघतो आहे ती त्या शेवटच्या वळणाच्या अंगाची. तिथे प्रत्येकाला ब्रेक दाबावाच लागतो, गाड्या सावकाश होतात, आणि बाबांना नाहीतरी ब्रेकच बघायचा आहे. वर छप्पर आहे हे आणखी बरे, कारण तिथे दुपारचे ऊन आणि दुपारचाच पाऊस, दोन्ही आपल्या तोंडात मारतील असे. टेकडीवर गवतात बसायची तिकिटे सर्वांत स्वस्त असतात, पण पंचाहत्तरीच्या गुडघ्यांना टेकडी कशी सांगणार.

ट्रॅक विमानतळाच्या जवळ आहे आणि क्वालालंपूर शहर साठ-एक किलोमीटरवर. म्हणून मुक्काम विमानतळाच्या बाजूलाच. बंगळूरहून थेट विमान, चारेक तास. शुक्रवारी सराव, शनिवारी निम्म्या फेऱ्यांची स्प्रिंट, रविवारी वीस फेऱ्यांची मुख्य शर्यत. शुक्रवारी बाबांना विश्रांती द्यावी असे माझे मत, त्यांचे मत उलट. "सरावाला माणूस खरा चालवतो," म्हणतात. शुक्रवारीही जाणार, हे उघड आहे.

खर्च दोघांचा मिळून दीड लाखाच्या घरात जातो. घराच्या मागच्या खोलीची फरशी त्यातूनच व्हायची होती. सौ.ने एकदाच विचारले, "ते उंच जोडटॉवर तरी बघणार ना?" मी बाबांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. फरशी पुढच्या वर्षी.

परवानगीची फाइल अजून वरच आहे आणि शेरा अपेक्षेप्रमाणे आला आहे : ‘प्रयोजन स्पष्ट करावे’. उत्तर लिहिले आहे, तेच वाक्य पुन्हा. इकडे बाबांनी माळ्यावरून आपला जुना रेनकोट काढला आहे. खांद्यापाशी फाटलेला, पायलटकीतला. मी नवीन आणून दिला तर म्हणाले, तो मागे बसणाऱ्यासाठी ठेव. सध्या ओसरीवर बसून, सुई डोळ्यांच्या अगदी समोर धरून, त्याला टाके घालणे चालू आहे.