मात्रेच्या पोटातली जागा

साठीनंतर बोटांची तयारी उतरू लागली की ठेक्यातली भर आपोआप कमी होते. जिथे पूर्वी तिरकिट सहज शिरायचं तिथे आता नुसती जागा उरते, आणि गवई म्हणतात, साथ किती समंजस झाली! हे कौतुक मला टोचतं. हातानं सोडलेली जागा कोणती आणि हातातून सुटलेली कोणती, हा प्रश्न त्यानंतर पिच्छा सोडत नाही. साथसंगत म्हणजे शेवटी दोन माणसांमधलं नातं, त्यामुळे प्रश्न तबल्यापुरता राहतही नाही. माझं म्हणणं असं, की शांततेनं नातं खोल होतं ते एकाच अटीवर. गप्प राहणाऱ्यापाशी बोलण्याजोगं काही असलं पाहिजे, आणि समोरच्याला त्याची जाणीव असली पाहिजे.

अतिविलंबित एकताल घ्या. मिनिटाला 12 मात्रांची लय धरली तर आवर्तन पुरं मिनिटभर चालतं, म्हणजे एकेका मात्रेला 5 सेकंद. चौथ्या मात्रेच्या पोटात तिरकिट आहे, पण पहिल्या दोन मात्रांना एकेकटा धिं. तो वाजला, डग्ग्याची आस विरत गेली, आता पुढच्या धिंपर्यंत काय? हात शिवशिवतात. तिथे चार बोल पेरले तर शास्त्रानं काही चुकत नाही, उलट तबलजी तयारीचा दिसतो. पण नेमक्या त्याच पोकळीत गवई पुढचा स्वर शोधत असतो. उस्ताद अमीर खाँसाहेब 14 मात्रांचा झुमरा ज्या संथपणे गायचे, त्याला साधा, स्वच्छ ठेकाच लागायचा. ती ध्वनिमुद्रणं ऐकताना कळतं, की तबला थांबतो म्हणून स्वराला घाई करावी लागत नाही. कुमार गंधर्व स्वर मध्येच सोडून देत, तेव्हा मागे वसंतराव आचरेकरांचा ठेका त्या सोडण्याला धक्का लावत नसे. गायकानं अर्धवट ठेवलेलं वाक्य तबल्यानं पुरं करायचं नसतं, हे समजायला मला निम्मं आयुष्य लागलं.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे. रिकाम्या मात्रेत गवई निराधार होतो, म्हणूनच तर विलंबितात भर आली. आक्षेप खोटा नाही. पण आधार आवाजातून मिळतो की नेमकेपणातून? पाच सेकंदांनंतरचा धिं जर हक्काच्या जागी पडला, तर मधल्या शांततेत तबलजी मात्रेचा कण न् कण मोजत होता हे गवयाला कळतं. असं चार आवर्तनं घडलं की तो तबल्याकडे बघायचं सोडतो. विश्वास म्हणतात तो हाच. भर घालून लय सांभाळणं त्यामानानं सोपं. भर टाकाऊच, असंही मी म्हणत नाही. अहमदजान थिरकवाँसाहेब बालगंधर्वांना साथ करत. नाट्यपदाची चालच तशी, की तिथे भरणं हा संवाद होतो. प्रश्न भरावं की नाही हा नाही. समोरचा अजून बोलतो आहे का, हे ऐकून घेतलं का, हा आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक खोल वाटतो. साथीदाराला गप्प बसायला सांगणं ही गवयाची सोय आहे. पिढ्यान् पिढ्या तबलजीला बिदागीही कमी आणि मानही कमी. हे खरं आहे, आणि लादलेल्या गप्पपणाला मी मौन म्हणणार नाही. तो अबोला. घरातही एकच माणूस कायम गप्प असेल तर त्या शांततेखाली नातं वाढत नाही, दबतं. म्हणून जागा दोघांनीही सोडायची असते. गवयानं मुखडा धरून ठेवावा आणि तबल्याला आवर्तन द्यावं. तेवढा वेळ त्याचं मौन ही साथ असते.

हल्ली ही देवघेव विरळ झाली आहे. तालातली टाळी आणि श्रोत्यांची टाळी यांत गल्लत होते आहे. खालीत डग्ग्याचा घुमारा काढून घेतात, तेव्हा कोणी टाळ्या वाजवत नाही. त्या बेदम तिहाईला पडतात. पल्ल्यांमध्ये दम ठेवून, म्हणजे श्वासाची जागा ठेवून, तिहाई समेवर आणणारे तरुण आहेत, पण त्या श्वासासाठी त्यांना कोणी दाद देत नाही. रूपकात तर समच खालीवर येते. जिथे यायचं ती जागाच मोकळी ठेवणाऱ्या परंपरेत आपण रिकाम्या जागेला इतकं घाबरावं, याचा मला राग येतो.

आणि तरीही टाळीची भूक माझ्यातून गेलेली नाही. तयारी होती त्या वर्षांत मी जागा भरल्या, कारण भरता येत होत्या. तेव्हा सोडल्या असत्या तर त्या शांततेला किंमत होती. आता त्या सोडतो आणि लोक त्याला संयम म्हणतात, तेव्हा मी तो शब्द मुकाट्यानं घेतो. माझ्याच अटीवर तपासलं, तर त्यातला किती माझा आणि किती वयाचा, हे मला सांगता येत नाही. म्हणून रोज सकाळी तिरकिट घासतो. मैफलीत वाजवण्यासाठी नाही. ते हातात असावं आणि तरी वाजवू नये, एवढ्यासाठी.