भरल्या गाडीची परीक्षा

दापोडीच्या आमच्या घरात संगणक एकच आणि त्याच्यावर हक्क सांगणारे दोघे: मी आणि माझी कन्या. ती अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी मराठी शिकवतो. तेव्हा संगणकातले कोणाला किती कळते, हे निराळे सांगायला नकोच.

परवा रात्री मी उत्तरपत्रिकांचे गुण भरत बसलो होतो. त्याच संगणकात कन्येच्या कसल्याशा यंत्राचे चित्र तयार होत होते. साठ-सत्तर मुलांचे गुण भरून झाले आणि संगणक एकदम बंद पडला. पुन्हा सुरू केला, थोड्या वेळाने पुन्हा बंद! माझे गुण जतन करायचे राहिले होते.

"तुझ्या चित्रांनी वाट लावली त्याची!" मी ओरडलो. आणखीही पुष्कळ बोललो. ती गप्प राहिली.

सकाळी तिने आतला पॉवर सप्लाय सोडवून बाहेर काढला. भिंतीतली 230 व्होल्टची वीज घेऊन संगणकाला पचेल अशी 12, 5 आणि 3.3 व्होल्टची करून वाढायची, हे या पत्र्याच्या डब्याचे काम. चोवीस खाचांच्या जोडातली हिरवी तार तिने शेजारच्या काळ्या तारेशी एका वाकवलेल्या टाचणीने जोडली आणि मग बटण दाबले. डब्याचा पंखा गरगर फिरू लागला.

"बघ! चांगला आहे की!" मी म्हणालो.

"बाबा, तो जिवंत आहे एवढंच कळलं."

मग तिने पिवळ्या तारेला मीटर लावला. 12.1 व्होल्ट! माझा विजय आता पक्का झाला. तेवढ्यात अण्णांनी वर्तमानपत्र खाली केले. त्यांचा जन्म इथल्या एस.टी.च्या कार्यशाळेत गेला.

"रिकामी गाडी कुठलाही घाट चढते रे. माणसं भरून बघा."

कन्या हसली. तिला तेच करायचे होते. डबा पुन्हा जागेवर बसवून तिने ते अवजड चित्र सुरू केले आणि मोकळ्या जोडातल्या पिवळ्या तारेवर मीटर धरला. 11.8... 11.5... बारा व्होल्टच्या तारेला शेकडा पाच इकडेतिकडे चालते, म्हणजे 11.4 ही शेवटची पायरी. आकडा 11.2 वर आला आणि संगणक डोळे मिटून पडला.

"उघडून दुरुस्त होईल का?" मी हळूच विचारले.

"तो डबा घरी उघडायचा नाही, बाबा. वीज काढली तरी आतल्या कपॅसिटरांत ती साठून राहते. नवाच आणायचा."

नवा आणला. संगणक आता मुकाट्याने ओझे वाहतो. पण माझ्या मनातून तो मीटर काही जाईना. वर्गात संयमावर बोलताना मी चांगला बारा व्होल्ट असतो. समोर फळा, हातात खडू, अंगावर भार काहीच नाही! त्या रात्री सत्तर मुलांचे गुण गेले आणि मी 11.4 च्या किती खाली उतरलो, हे घरातल्या सर्वांनी ऐकले.

आणि एक गोष्ट तर मला दोन दिवसांनी सुचली.

"काय गं, त्या रात्री तुझं चित्र?"

"तेही गेलं होतं, बाबा. काल पुन्हा केलं."

तिचा आवाज तसूभरही उतरला नव्हता. मी अण्णांकडे पाहिले. त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केले होते.