जायचा रस्ता

लिनक्सवर चार ओळी लिहायला कुठला एडिटर घ्यावा, हे चारचौघांत विचारू नये. व्हीआय आणि ईमॅक्स, दोन्ही घराणी १९७६ सालची. भाऊबंदकी अजून मिटलेली नाही. ईमॅक्समध्ये म्हणे टपालही वाचता येतं. अहो, मला वाण्याची यादी लिहायचीय! व्हीआयचा वारस विम. त्यात आधी ‘आय’ दाबून परवानगी घ्यायची, आणि लिहिलेलं टाकून पळायचं तर एस्केप, कोलन, क्यू, वर उद्गारचिन्ह. तो उद्गार आपसूकच निघतो म्हणा. नॅनो बिचारा जायचा रस्ता तळाशीच लिहून ठेवतो. रोजच्याला मी तोच धरलाय. तरी विम काढून टाकवत नाही. नुसता उघडला की पुष्कळदा तो युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा म्हणतो. ही विनंती ब्राम मोलेनारांची. ते २०२३ साली गेले, विनंती राहिली.